गिरणीतली पाळी: आधी आलेल्याचं आधी दळायचं, पण कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला एका तरुणानं चार महिन्यांपूर्वी पिठाची गिरणी घातली. गव्हाला एक चक्की, भाकरीच्या पिठाला दुसरी. येईल त्या क्रमानं दळतो, तरी रोज वाद होतो. पुढं वीस किलोचं पोतं असलं की मागं दोन-दोन किलोवाल्या बायका ताटकळतात. ओळखीचे म्हणतात, आमचं आधी काढ. काहीजण फोनवरच नंबर लावायला सांगतात. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं तो विचारतोय, आधी आलेल्याचं आधी हा नियम धरावा की सोडावा?

धर. पण हा नियम नक्की कुणाचा आहे, ते आधी समजून घे. तू तो आपला समजतोयस, म्हणून प्रत्येक भांडण तुझ्या अंगावर येतंय.

मी बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरकडं जाणाऱ्या रस्त्याला ३१ वर्षं गिरणी चालवतोय. एका बाजूला मागावर बसणारे विणकर, दुसऱ्या बाजूला भातशेतीवाले. निम्मं गिऱ्हाईक मराठी, निम्मं कानडी. आमच्याकडं गिरणीत कुणी रांग म्हणत नाही, पाळी म्हणतात. मराठी बाई विचारते, ‘माझी पाळी कवा?’ कानडी अक्का विचारते, ‘नंद पाळी यावाग?’ शब्द एकच. शेताला पाटाचं पाणी मिळतं त्यालाही आपण पाळीच म्हणतो. तिथं पाटकऱ्याला कुणी विचारत नाही की तुझ्या मर्जीतला कोण. पाळी त्या शेताची असते, पाटकरी पाणी सोडतो आणि बंद करतो, एवढंच. गिरणीतही पाळी डब्याच्या मालकाची. तुझी नाही. जे तुझं नाही ते तुला कुणाला देता येत नाही, पाहुण्याला नाही, सावकाराला नाही, सरपंचाला नाही. पुढचं सगळं मी सांगणार आहे ते या एका गोष्टीवरून निघतं.

हे मला वडिलांच्या गिरणीत कळलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तेव्हा मोठ्या घरचा गडी डबा घेऊन यायचा आणि न बोलता सरळ चक्कीला टेकवून ठेवायचा. आधी बारा डबे असले तरी त्याचं दळण पुढं. आणि दलित वस्तीतल्या बायका डबा उंबऱ्याबाहेर ठेवायच्या. बाहेरचे डबे आतले संपल्यावर, असा रिवाज होता. कुणी तो घालून दिला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हता. एके दिवशी अशीच एक बाई सकाळपासून दोन किलो जोंधळा घेऊन बाहेर बसली होती. आतले डबे संपत आले आणि दुपारी लाईट गेली. संध्याकाळपर्यंत आलीच नाही. ती बाई काही बोलली नाही. डब्याचं झाकण घट्ट दाबलं आणि दाणे तसेच घेऊन घरी गेली. रात्री मी आईला विचारलं, त्यांनी आज भाकरी कशाची केली असेल? आईनं उत्तर दिलं नाही, पण वडिलांनी ऐकलं. दोन दिवसांत त्यांनी दाराच्या आत भिंतीलगत लांब फळी ठोकून घेतली आणि सांगितलं, सगळ्यांचे डबे इथं, आले तसे. मोठ्या घरचं दळण त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमच्याकडं आलं नाही. बाकी कुणी गेलं नाही. उलट वस्तीतल्या बायका, ज्या पाट्यावर-जात्यावर घरीच भागवायच्या, त्या येऊ लागल्या. गिऱ्हाईक तुटेल ही तुझी भीती खोटी नाही. पण कोण तुटतं आणि कोण जोडलं जातं, ते दोन्ही मोज.

आता त्या वीस किलोच्या पोत्याचा हिशेब करू, कारण तुझी खरी अडचण तिथं आहे.

माझी चक्की मिनिटाला साधारण एक किलो गहू काढते. तुझीही जवळपास तेवढंच काढत असेल. समज, चार गिऱ्हाइकं ओळीनं आहेत: २० किलो, २ किलो, ३ किलो, ५ किलो. आले त्या क्रमानं दळलं तर त्यांचं काम अनुक्रमे २०, २२, २५ आणि ३० मिनिटांनी होतं. सगळ्यांचं मिळून ९७ मिनिटं. हेच लहान डब्यापासून सुरू केलं तर २, ५, १० आणि ३० मिनिटांनी होतं, एकूण ४७. वीस किलोवाल्याची १० मिनिटं गेली आणि बाकी तिघांची मिळून ६० मिनिटं वाचली. म्हणजे लोकांचं थांबणं कमीत कमी करायचं असेल तर आलेला क्रम ही सगळ्यात चांगली पद्धत नाही, लहान काम आधी ही आहे. हे खरं आहे आणि ते नाकारून चालणार नाही.

म्हणून मी एकदा दोन महिने तसं करून पाहिलं. लहान डबा आधी. पहिल्या आठवड्यात सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात दहा किलोवाल्यांनी पाच-पाच किलोचे दोन डबे आणायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात एका खानावळीचा मालक सकाळी दहाला पोतं ठेवून गेला, एक वाजता आला, तरी पोतं तिथंच. लहान डबे येतच होते, आणि माझ्या नियमानं प्रत्येकजण त्याच्या पुढं जात होता. तो म्हणाला, ‘काय करूलालाय ओ तुमी? लहान डबे काय आज संपणार हाईत?’ बरोबर होतं त्याचं. आलेल्या क्रमात कितीही उशीर झाला तरी माझ्या पुढचे संपले की माझी पाळी, एवढी खात्री असते. लहान-आधीच्या पद्धतीत मोठ्याला तीही राहत नाही.

मग काय करायचं? विचारायचं, आणि ज्याची पाळी आहे त्यालाच. ‘अण्णा, मागं लहान तीन डबे आहेत, दहा मिनिटांचं काम. काढू का आधी?’ बहुतेक वेळा माणूस हो म्हणतो. वीस किलोवाल्याला एवीतेवी थांबायचंच असतं, तो चहा घेऊन येतो. पण तीन डबे म्हणजे तीनच. तू विचारलंस तेव्हा फळीवर जे होते तेवढेच. त्यानंतर चौथा आला तर तो पोत्याच्या मागं. आणि माणूस नाही म्हणाला तर नाही. तोंड वाकडं करायचं नाही, पुढच्या वेळी त्याचं दळण रखडवायचं नाही. पोतं ठेवून माणूस गेला असेल तर ज्याला विचारायचं तोच समोर नाही. तेव्हा पोतं त्याच्या पाळीनं घाल. मागच्या बायका कुरकुर करतील, त्यांना सांग, ‘त्यांना विचारता आलं नाही, म्हणून मी सोडू शकत नाही.’ दोन-चार वेळा ऐकलं की त्यांना कळतं की उद्या त्यांचा डबाही मालक नसताना असाच जपला जाईल. माझ्या गिरणीत बायका डबा ठेवून निर्धास्त मागावर परत जातात ते यामुळंच. मागावरचा तास म्हणजे मजुरी असते.

पंधरा किलोच्या वरच्या दळणाला मी वेगळी सोय केली आहे. संध्याकाळी ठेवून जा, मी रात्री किंवा पहाटे काढून ठेवतो, सकाळी पीठ तयार. खानावळी, लग्नघरं, बारशाचं दळण सगळं तिकडं जातं. कुणावर सक्ती नाही, पण सोय बरी म्हणून बहुतेक तेच निवडतात. तुझं निम्मं भांडण याच एका गोष्टीनं मिटेल असं मला वाटतं.

ओळखीच्यांचं काय? माझा पुतण्या इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याच्या वहीत रांगांचं गणित होतं. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९०९ साली टेलिफोनच्या कॉलवरून हा विषय सुरू केला. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. डब्याचं वजन न बघता तू क्रम कसाही लाव, शेवटचा आधी घे की चिठ्ठ्या टाक, सगळ्यांचं सरासरी थांबणं तेवढंच राहतं. बदलतं ते एवढंच, की कोण कमी थांबतं आणि कोण जास्त. म्हणजे पाहुण्याचा पाच किलोचा डबा तू पुढं घेतलास तेव्हा त्याची वाचलेली मिनिटं कुठून तरी आलेली असतात, आणि ती मागं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशातून पाच-पाच मिनिटं काढून आलेली असतात. मागं सहाजण असतील तर तीस मिनिटं. हे मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला असंच मोजून दाखवलं. तो महिनाभर बोलला नाही, मग बोलायला लागला.

रोजच्या गिऱ्हाइकाला काहीच द्यायचं नाही असं माझं म्हणणं नाही. जे तुझं आहे ते दे. उधारी तुझी आहे. पिशवी तुझी आहे. म्हाताऱ्या अज्जीचा डबा घरापर्यंत पोचवायला पोरगा पाठवणं तुझ्या हातात आहे. सणाला पैसे न घेता भाजणी दळून दे. पाळी देऊ नकोस.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला कळत नाही आणि नवीन गिरणीवाल्याला फार छळते. दुकानात साखरेनंतर तेल देताना काही बदलावं लागत नाही. चक्कीत बदलावं लागतं. नाचणीनंतर लगेच तांदूळ घातला तर पहिलं अर्धा किलो पीठ काळपट येतं. हरभऱ्यानंतर गहू घातला तर चपातीला बेसनाचा वास. तुझ्या खानापूरकडं तांदूळ आणि नाचणी जास्त, आमच्याकडं अथणी-रायबागकडून येणारा जोंधळाही भरपूर. प्रत्येक डब्याला धान्य बदलत बसलास तर वेळही जातो आणि कुणाचं तरी पीठ बिघडतं. इथं क्रम थोडा वाकवावा लागतो. मी भाकरीच्या चक्कीच्या फळीवर खडूच्या रेघा मारून तीन भाग केले आहेत: जोंधळा, तांदूळ, नाचणी. ज्या धान्याचा डबा सगळ्यात आधी आलाय ते धान्य सुरू करायचं. त्या धान्याचे जेवढे डबे त्या क्षणी आहेत तेवढे त्यांच्या क्रमानं काढायचे. मग उरलेल्यांत जो सगळ्यात जुना डबा असेल त्याच्या धान्याकडं वळायचं. मधे नवीन आलेला जोंधळा पुढच्या फेरीत. यात नाचणीवाल्याला थोडं जास्त थांबावं लागतं, पण किती ते ठरलेलं असतं, आणि डोळ्यांना दिसतं. धान्य बदलताना पहिलं मूठभर तुझं स्वतःचं घाल आणि ते पीठ बाजूला काढ. ते गिऱ्हाइकाच्या डब्यात जाऊ देऊ नकोस.

उपवासाचं, म्हणजे वरी, राजगिरा, साबुदाणा, हे मी पहाटे चक्की झाडून-पुसून पहिलंच घेतो, तेही आषाढी, महाशिवरात्र, नवरात्राच्या आधी दोन दिवस, आणि तसं आठवडाभर आधी पाटीवर लिहितो, मराठीत आणि कन्नडमध्ये. दिवसात मधेच कुणी वरी आणली तर नम्रपणे परत. उपवासाच्या पिठात जोंधळ्याची धूळ गेली तर त्या माणसाचा विश्वास कायमचा जातो.

आलं म्हणजे काय, हेही ठरव. बरेच वाद इथंच असतात. माझ्याकडं धान्य काट्यावर चढलं की पाळी सुरू होते. रिकामा डबा ठेवून नंबर धरला, तो नाही. फोन केला, तो नाही. मोबाईलवर निरोप टाकला, तो नाही. निवडायचं राहिलेलं धान्य आणून कोपऱ्यात निवडत बसलं तर निवडून होईपर्यंत नाही. एका बाईनं शेजारणींचे पाच डबे आणले तर पाचही तिच्यामागं लागतात, पण सलग दोनच घ्यायचे, मग मागच्या एकाचा, मग तिचे उरलेले. हा नियम मी लावला तेव्हा कुणी आवडीनं घेतला नाही. आता कुणी विचारत नाही.

लहान मुलांकडं लक्ष ठेव. आठ-नऊ वर्षांचं पोर डबा घेऊन येतं, आणि मोठी माणसं हसत हसत त्याचा डबा मागं सरकवतात. पोर बोलत नाही. घरी उशिरा जातं, वर मारही खातं. माझ्या गिरणीत पोराचा डबा हलवलेला मी पाहिला तर चक्की थांबवतो आणि तो परत जागेवर ठेवतो, सगळ्यांच्या समोर.

खरी अडचण असलेल्यांना पुढं जाऊ द्यायचंच. मयताच्या घरचं, आजाऱ्याच्या पेजेसाठी, तान्हं मूल घरी ठेवून आलेली बाई, शेवटची बस गाठायची असलेला. मात्र तिथंही मी स्वतः ठरवत नाही. मोठ्यानं विचारतो, ‘ह्यांच्या घरी असं झालंय, आधी काढू का?’ दोन्ही भाषांत विचारतो. ३१ वर्षांत मयताच्या घराला कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. दवाखान्यात गोष्ट वेगळी, तिथं जास्त आजारी तो आधी हे डॉक्टरनंच ठरवायला हवं. गिरणीत तशी घाई क्वचित असते.

लाईट गेली की काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तुझ्याकडं पावसाळ्यात तो रोजचा असणार. परत आली की चक्कीत अर्धवट असलेला डबा आधी पुरा करायचा. बाकीच्यांनी डबे फळीवर तसेच ठेवून घरी जावं. थ्री फेज आली की सकाळचाच क्रम पुढं चालू. लाईट आल्याचं बघून जो नवीन धावत येतो तो शेवटी. जे लांबून आलेले, पुन्हा येऊ शकत नाहीत, त्यांचं दळण माझा पोरगा त्या बाजूला जाताना पोचवतो.

किती वेळ लागेल हे सांगत जा. लोकांना थांबण्यापेक्षा किती थांबायचं हे न कळण्याचा त्रास जास्त होतो. पुतण्याच्या त्याच वहीत जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा नियम होता: आत सरासरी किती गिऱ्हाइकं असतात ते म्हणजे तासाला किती येतात गुणिले प्रत्येकजण किती तास थांबतं. तासाला १२ डबे येत असतील आणि फळीवर नेहमी ६ दिसत असतील तर प्रत्येकजण अर्धा तास थांबतंय. पण रोजच्या कामाला त्याहून सोपं आहे. डबे मोजू नकोस, किलो मोज. फळीवर ४० किलो असेल तर पाऊण तास सांग. पाच मिनिटं जास्तच सांगावीत.

आणि सणाच्या आधी सावध राहा. त्याच वहीतलं अजून एक: गिऱ्हाईक कधीही, कसंही येत असेल, दळणंही लहान-मोठी कशीही असतील आणि एकच चक्की असेल, तर ती निम्मा वेळ चालू असताना दळणारा धरून सरासरी १ गिऱ्हाईक आत असतं. ८० टक्के वेळ चालू असेल तर ४. ९० टक्के असेल तर ९. म्हणजे काम थोडंसंच वाढतं आणि थांबणारी माणसं दुपटीहून जास्त होतात. आमच्याकडं आषाढातल्या मंगाई यात्रेला, नागपंचमीच्या तंबिटाच्या लाडवांना, दिवाळीच्या भाजणीला हे दरवर्षी होतं. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे आदल्या दिवशी सगळे एकदम येतात. तेव्हा क्रमात हुशारी करून काही साधत नाही. पहाटे पाचला गिरणी उघड, चक्कीच्या दगडांना टाकी लावून खाचा आठ दिवस आधीच पाडून घे, मसाला आणि मिरचीचं कांडप ते दोन दिवस बंद ठेव. दळण वेगानं निघालं की पाळीची भांडणं आपोआप कमी होतात.

टोकन ठेवावं का, असं तुझ्या मनात येईल. मी ठेवली होती, पत्र्याची, आकडे पाडलेली. हरवायची, पोरं खेळायला न्यायची, आणि काही आज्यांना आकडा वाचता यायचा नाही. फळीवरचा डबा सगळ्यांना दिसतो. आता मी झाकणावर खडूनं नंबर आणि किलो लिहितो आणि तेच फळीच्या कडेलाही लिहितो, म्हणजे डबा हलला तरी कळतं. खडू थोडा ओला करून लिही. कोरडा खडू पिठाच्या हातानं पुसला जातो.